क्रॉन्स, संधिवात आणि जीन्स: या रिसर्चमध्ये यायचं असेल तर सुरुवात कुठून करायची

बायोटेकची मुलं असोत नाहीतर एमबीबीएसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली, जेनेटिक्समध्ये करिअर करायचंय म्हणून विचारायला येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, पायथन शिकू का आर (दोन्ही प्रोग्रॅमिंगच्या भाषा)? दोन्ही शिका, त्याबद्दल पुढे सांगतेच. पण त्याच्या आधी आजार शिका. क्रॉन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस (दोन्ही आतड्याचे), ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (मणक्याचा), सोरायसिस (त्वचेचा), ल्युपस (अनेक अवयवांचा) असे जे वर्षानुवर्षं सूज चालू राहणारे आजार आहेत ना, त्यांच्या जेनेटिक्समध्ये मेहनत वाया जाते ती माझ्या मते मशीनवर किंवा कोडमध्ये कमी आणि पेशंटचं निदान नीट न तपासल्यामुळे, नीट न लिहिल्यामुळे जास्त. म्हणून हा लेख पण त्याच क्रमाने लिहिलाय, आधी पेशंट, मग जीन, मग कॉम्प्युटर, आणि परत पेशंट.

क्षेत्र काय आहे ते दोन ओळीत. जंतू शिरला किंवा जखम झाली की शरीर सूज आणतं, काम झालं की ती उतरते. या आजारांत ती उतरत नाही, आणि का उतरत नाही याचा काही भाग आई-वडिलांकडून आलेल्या जीन्समध्ये असतो, काही भाग सिगारेट, आतड्यातले बॅक्टेरिया, आहार, झालेली इन्फेक्शन्स यांच्यात. आपलं काम पहिला भाग शोधायचं, पण दुसरा भाग विसरून चालत नाही.

पायरी १: एक आजार धरा आणि तो ओपीडीत जाऊन बघा

"मला इन्फ्लमेशनवर काम करायचंय" हे फार मोघम झालं. एक आजार धरा. निदान पहिली ३-४ वर्षं तरी एकच.

मी क्रॉन्सचं उदाहरण घेते कारण आपल्याकडे त्याच्यात जी अडचण आहे ती युरोपातल्या लोकांना एवढी येत नाही. क्रॉन्स बऱ्याचदा लहान आतडं जिथे संपतं आणि मोठं सुरू होतं तिथे होतो. आतड्याचा टीबी पण नेमका तिथेच होतो. दोन्हीत पोटदुखी, वजन उतरणं, ताप, दोन्हीत कोलोनोस्कोपीत अल्सर, दोन्हीत बायोप्सीत ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींची गाठ) दिसू शकतो. टीबी आहे असं वाटलं म्हणून आपल्याकडे कितीतरी पेशंटना आधी एकेटी (टीबीची औषधं) चालू करतात आणि काही महिन्यांनी परत स्कोप करून अल्सर भरलेत का ते बघतात, भरले नाहीत तर मग क्रॉन्सचा विचार. उलटं झालं तर जास्त धोका, कारण टीबीच्या पेशंटला क्रॉन्स समजून स्टिरॉइड दिलं की टीबी भडकतो. आता विचार करा, तुम्ही ५०० "क्रॉन्स" पेशंटचं डीएनए घेतलं आणि त्यातले काही जण खरं तर टीबीचे निघाले, तर तुमचा सिग्नल तिथेच पातळ झाला. नंतर कितीही भारी सीक्वेन्सर आणा, ती चूक सुधारत नाही, कारण चूक डीएनएच्या बाहेर, पेशंटच्या फाईलमध्ये आहे.

सांध्यांचं पण तेच. गुडघे झिजलेल्या आजींना आणि सकाळी उठल्यावर तासभर बोटं न वळणाऱ्या पस्तिशीतल्या बाईला घरी सगळे संधिवातच म्हणतात, पण पहिला आजार झिजेचा आणि दुसरा बहुधा ऱ्हुमॅटॉइड. म्हणून २०१० चे एसीआर-युलारचे (अमेरिका आणि युरोपातल्या संधिवात-तज्ज्ञ संघटनांचे) निकष, अँटी-सीसीपी आणि आरए फॅक्टर या रक्ताच्या टेस्ट, किती सांधे आणि कुठले, हे सगळं केस फॉर्मवर हवं. क्रॉन्ससाठी मॉन्ट्रियल वर्गीकरण वापरतात, आजार कितव्या वर्षी सुरू झाला, आतड्याच्या कुठल्या भागात आहे, नुसती सूज आहे का आतडं अरुंद झालंय का फिस्टुला (आतड्यातून बाहेर पडलेली वाट) झालाय. हे कंटाळवाणं वाटतं, पण पुढे सगळं ॲनालिसिस याच रकान्यांवर उभं राहतं.

तर करायचं काय, एखाद्या गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्ट किंवा ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला विचारून आठवड्यातून एक सकाळ त्यांच्या ओपीडीत बसायची परवानगी घ्या. एमएस्सीवाल्यांनी तर नक्कीच. मुकाट्याने बसा, ऐका, पेशंट त्रास कुठल्या शब्दात सांगतो ते वहीत लिहा. पुण्याजवळ भिगवणला १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या टीमने घरोघर जाऊन सांधेदुखीचा जो कॉपकॉर्ड सर्व्हे केला तो शोधून वाचा, त्यात जीन वगैरे काही नाही, पण गावात नक्की कोणाला काय दुखतंय हे मोजायला किती शिस्त लागते ते कळतं, आणि ती शिस्त तुम्हाला लागणारच आहे.

पायरी २: इतिहास वाचा, पण पेपर पाठ करायला नको

या क्षेत्राच्या चार-पाच गोष्टी माहीत असल्या की नवीन पेपर वाचताना तो कुठे बसतो ते समजतं.

१९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या बहुतेक पेशंटमध्ये एचएलए-बी२७ (इम्युनिटीच्या एका जीनचा एक प्रकार) असतं. एवढा जबरदस्त संबंध आजही फार कमी आजारांत सापडलाय. आणि तरीही बी२७ पॉझिटिव्ह असलेल्या बहुतेक लोकांना हा आजार आयुष्यभर होत नाही. हे वाक्य नीट समजून घ्या, कारण उद्या कोणीतरी नातेवाईक रिपोर्ट घेऊन घाबरून तुमच्याकडे येणार आहे आणि त्याला तुम्हालाच सांगायचंय की बाबा रे, जीन असणं म्हणजे आजार असणं नव्हे.

मग क्रॉन्स. १९९६ मध्ये पॅरिसच्या ज्याँ-पिएर ह्युगो यांच्या गटाने एकाच घरात एकाहून जास्त पेशंट असलेली कुटुंबं अभ्यासून दाखवलं की क्रोमोसोम १६ वर काहीतरी आहे. ते "काहीतरी" म्हणजे नेमका कुठला जीन हे कळायला ५ वर्षं गेली. २००१ मध्ये नेचरच्या एकाच अंकात दोन पेपर आले, एक ह्युगो यांचा आणि दुसरा अमेरिकेतल्या गटाचा ज्यात गॅब्रिएल नुन्येझ आणि जुडी चो होते, आणि दोघांचं उत्तर एकच, नॉड२. हा जीन बॅक्टेरियाच्या भिंतीचा एक तुकडा ओळखतो. म्हणजे आतड्यातल्या बॅक्टेरियाशी शरीराचं जमत नाही असं जे डॉक्टर आधीपासून म्हणत होते त्याला पहिल्यांदा एका जीनचा आधार मिळाला.

आता आपल्या कामाची गोष्ट. नॉड२ चे जे तीन बदल युरोपात गाजले ते भारतीय आणि जपानी पेशंटमध्ये जवळजवळ सापडतच नाहीत. आपल्याकडे क्रॉन्स आहे, वाढतोय पण, फक्त ते तीन बदल नाहीत. ऱ्हुमॅटॉइडमधल्या पीटीपीएन२२ या जीनच्या २००४ मध्ये गाजलेल्या बदलाचं पण तसंच, युरोपात महत्त्वाचा आणि आशियात फारच दुर्मिळ. म्हणजे तिकडची यादी उचलून इकडच्या पेशंटवर टेस्ट म्हणून चालवता येत नाही, इथलं काम इथेच करावं लागतं. दिल्ली विद्यापीठाच्या साउथ कॅम्पसमध्ये प्रा. बी. के. थेल्मा यांच्या गटाने हेच केलं, लुधियानाच्या डॉक्टरांबरोबर उत्तर भारतीय पेशंट जमवून २०१३ मध्ये ऱ्हुमॅटॉइडचा आणि २०१५ मध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसचा जीवास छापला, म्हणजे सगळ्या जीनोमवर एकदम शोध घेणारा अभ्यास. माझ्या मते नवीन माणसाने नेचरच्या आधी हे दोन पेपर वाचावेत, कारण आपल्या हॉस्पिटलच्या परिस्थितीत हे कसं होतं ते त्यात दिसतं.

जीवासचा काळ खऱ्या अर्थाने सुरू झाला २००६-०७ मध्ये. २००६ ला क्रॉन्सशी जोडलेला आयएल२३आर हा जीन सापडला, आणि गंमत म्हणजे त्यातला एक दुर्मिळ बदल आजारापासून वाचवतो. २००७ ला ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टच्या मोठ्या अभ्यासात ७ आजारांचे प्रत्येकी सुमारे २,००० पेशंट आणि सगळ्यांना मिळून ३,००० कंट्रोल (तुलनेसाठी घेतलेले इतर लोक) होते, त्यात क्रॉन्स आणि ऱ्हुमॅटॉइड दोन्ही होते. २०१२ पर्यंत क्रॉन्स आणि कोलायटिस मिळून जीनोमवरच्या १६३ जागा सापडल्या होत्या, २०१४ ला ऱ्हुमॅटॉइडच्या १०१. आकडे वाढत गेले तसा प्रत्येक जागेचा परिणाम मात्र लहान लहान होत गेला, आणि ते तसंच असणार होतं.

दुसरा रस्ता: एका घरातला दुर्मिळ आजार

सगळ्यांनी हजारोंच्या अभ्यासातच जायला पाहिजे असं नाही. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेत डॅनियल कास्टनर १९८५ मध्ये ऱ्हुमॅटॉलॉजी शिकायला आले आणि थोड्याच दिवसांत त्यांना आर्मेनियन वंशाचा एक पेशंट भेटला, ठराविक काळाने ताप येणार आणि सांधा सुजणार, आपोआप बरं होणार, परत येणार. निदान होतं फॅमिलियल मेडिटरेनियन फीव्हर. त्या एका पेशंटपासून सुरू केलं आणि जीन सापडला १९९७ मध्ये, १२ वर्षांनी, आणि तोही एका मोठ्या आंतरराष्ट्रीय गटाला मिळून, त्याच सुमारास फ्रेंच गटालाही. पुढे १९९९ मध्ये कास्टनर यांच्याच गटाने "ऑटोइन्फ्लमेटरी" ही आजारांची वेगळी जात मांडली. २०२० मध्ये त्याच संस्थेतून वेक्सास नावाचा आजार आला, तिथे पद्धत उलटी होती, निदान न झालेल्या अडीच हजारांहून जास्त लोकांचा डीएनए डेटा बघून यूबीए१ या जीनमध्ये सारखा बदल असलेले तीन पुरुष सापडले, मग शोधत गेल्यावर पहिल्या पेपरमध्ये एकूण २५. यातली सगळी माणसं वयस्कर, आणि बदल जन्मतः आलेला नाही, बोन मॅरोमध्ये नंतर झालेला. कितीतरी वर्षं हे पेशंट वेगवेगळ्या ओपीडीत वेगवेगळी नावं घेऊन फिरत होते.

आपल्याकडे नात्यात लग्नं होणाऱ्या समाजात आणि लहान बाळांच्या वॉर्डमध्ये असे एका जीनचे आजार जास्त दिसतात. पहिल्या काही महिन्यांतच भयंकर कोलायटिस झालेलं बाळ दिसलं तर इंटरल्युकिन-१० च्या रिसेप्टरचा विचार करायचा हे २००९ पासून माहीत आहे, आणि तिथे निदानाने उपचारच बदलतो, बोन मॅरो ट्रान्सप्लांटने बाळं बरी झालेली आहेत. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची एनआयआयएच ही संस्था आहे, तिथे इम्युनिटीच्या जन्मजात दोषांवर काम चालतं. ज्याला थोड्या पेशंटमध्ये खोल जायला आवडतं त्याने हा रस्ता घ्यावा, मला स्वतःला हाच जास्त जवळचा वाटतो.

पायरी ३: डिग्री आणि परीक्षा

इथे पटकन सांगते, कारण तारखा आणि नियम दरवर्षी बदलतात, ते वेबसाइटवरच बघा.

एमबीबीएसवाल्यांनी शिकत असतानाच आयसीएमआरची दोन महिन्यांची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप करावी. प्रोजेक्ट छोटा असतो पण एथिक्स कमिटीचा फॉर्म, प्रोटोकॉल, डेटा शीट हे सगळं एकदा हाताखालून जातं. नंतर एमडी मेडिसिन किंवा पेडिॲट्रिक्स, मग डीएम गॅस्ट्रो किंवा ऱ्हुमॅटॉलॉजी, आणि कुठेतरी मध्ये पीएचडी किंवा दोन-तीन वर्षांची रिसर्च फेलोशिप. लांब आहे, मान्य. पण जुडी चो, कास्टनर हे सगळे स्वतः डॉक्टर, आणि पेशंट आपल्या हाताखाली असणं ही या क्षेत्रात सगळ्यात मोठी ताकद आहे.

बीएस्सीवाल्यांसाठी एमएस्सीला आयआयटी जॅम किंवा गॅट-बी या प्रवेश परीक्षा, मग पीएचडीला सीएसआयआर-नेट, डीबीटीची बेट, आयसीएमआरची जेआरएफ, टीआयएफआर-एनसीबीएससाठी जेजीबिल्स. जेआरएफला (पीएचडीच्या सुरुवातीची फेलोशिप) २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि मग एसआरएफला ४२,०००, वर घरभाडं. पैसे कधी कधी उशिरा येतात, त्यामुळे दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच सुरुवात करा, हे घरच्यांना पण आधीच सांगून ठेवा.

संस्था कुठल्या बघायच्या तर कल्याणी इथली एनआयबीएमजी, दिल्लीची आयजीआयबी, हैदराबादची सीसीएमबी, फरिदाबादची टीएचएसटीआय, आणि आपल्याकडे पुण्यात एनसीसीएस, आयसर, मुंबईत एनआयआयएच. पण संस्थेच्या नावापेक्षा एक प्रश्न विचारा, या लॅबचे पेशंट कुठल्या हॉस्पिटलमधून येतात आणि तिथला डॉक्टर पेपरवर लेखक म्हणून आहे का? उत्तर गोलमोल आलं तर दुसरी लॅब बघा.

पायरी ४: आता कोडिंग आणि स्टॅटिस्टिक्स

लिनक्सची कमांड लाइन, आर, थोडं पायथन, आणि प्लिंक नावाचं जीवासचं सॉफ्टवेअर, एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. सगळं फुकट आहे. स्टॅटिस्टिक्समध्ये लॉजिस्टिक रिग्रेशन, ऑड्स रेशो, मल्टिपल टेस्टिंग हे पक्कं पाहिजे. जीवासमध्ये एखादी जागा खरी मानायला पी-व्हॅल्यू ५ गुणिले १० चा उणे ८ वा घात याच्या खाली लागते, म्हणजे २ कोटीत १, कारण आपण एकाच वेळी लाखो जागा तपासतो आणि ०.०५ लावलं तर हजारो खोट्या जागा खऱ्या म्हणून समोर येतील.

सरावाला १००० जीनोम्सचा डेटा घ्या. त्यात २६ समूहांचे २,५०४ लोक आहेत, दक्षिण आशियातले पाच समूह आहेत, ह्यूस्टनमधले गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशचे बंगाली, ब्रिटनमधले तेलुगू आणि श्रीलंकन तमिळ. मराठी लोकांचा समूह नाही. एकट्या या डेटावर शिकून मराठी पेशंटबद्दल काही ठाम बोलायचं नाही हे तिथेच लक्षात ठेवा. नंतर जीनोम इंडियाचा डेटा आहे, देशभरातल्या ८३ समूहांतले साधारण १०,००० लोक, फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये ठेवलाय, जानेवारी २०२५ मध्ये तो संशोधकांसाठी खुला झाला आणि रीतसर अर्ज करून मागता येतो.

आणि इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मी प्रत्येक नवीन विद्यार्थ्याला सांगते, लोकसंख्येची रचना. आपल्याकडे कितीतरी पिढ्या जातीतच, पोटजातीतच लग्नं झालेली आहेत, त्यामुळे शेजारच्या दोन समाजांचे जीन्स आजाराशी काही संबंध नसताना वेगळे असू शकतात. पेशंट जमवले मुंबईच्या एका हॉस्पिटलमधून जिथे समजा गुजराती, मारवाडी जास्त येतात आणि कंट्रोल घेतले कोल्हापूरच्या रक्तदान शिबिरातून, तर तुम्हाला भरपूर जागा "सापडतील" आणि त्या सगळ्या आजाराच्या नसून समाजातल्या फरकाच्या असतील. पीसीए (जीन्सवरून लोकांचे गट दाखवणारी स्टॅटिस्टिक्सची पद्धत) काढून ते थोडं सुधारता येतं, मिक्स्ड मॉडेलने अजून थोडं, पण पूर्ण नाही. खरा उपाय म्हणजे कंट्रोल त्याच भागातून, त्याच समाजातून घ्यायचे, आणि फॉर्मवर आजी-आजोबांचं गाव आणि मातृभाषा विचारायची. जातीबद्दल विचारताना का विचारतोय ते समजावून सांगा, लोक सांगतात, पण न सांगण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

एचएलएचा भाग वेगळा शिका. क्रोमोसोम ६ वरचा हा भाग जवळजवळ सगळ्या इम्यून आजारांत येतो आणि तिथले जीन्स इतके एकमेकांना बांधलेले असतात की नेमका कोण दोषी ते काढणं अवघड जातं. ऱ्हुमॅटॉइडमध्ये १९८७ ला शेअर्ड एपिटोपची (धोका वाढवणाऱ्या एचएलए प्रकारांमध्ये एक सारखाच तुकडा असतो ही) कल्पना आली आणि अजून त्यावर काम चालूच आहे.

पायरी ५: रक्त घ्यायच्या आधी

एथिक्स कमिटीची परवानगी नसताना एक ट्यूब पण घ्यायची नाही. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं डाऊनलोड करून जेनेटिक्सचा भाग पूर्ण वाचा. परदेशी लॅब बरोबर असेल किंवा परदेशी पैसा असेल तर एचएमएससी या सरकारी समितीची मंजुरी लागते, त्यात महिने जातात, म्हणून प्रोजेक्टच्या पहिल्या आठवड्यातच कागदं सुरू करा.

कन्सेंट मराठीत हवा, आणि वाचून दाखवायचा. छापील मराठी बऱ्याचदा सरकारी पत्रासारखं असतं, पेशंटला कळत नाही, म्हणून तोंडी साधं सांगा: "मावशी, तुमचं चमचाभर रक्त घेणार. हा आजार घराण्यातून येतो का ते बघायला. याने तुमचं औषध बदलणार नाही, आज लगेच फायदा पण नाही. नको वाटलं तर नाही म्हणा, डॉक्टर काही रागावणार नाहीत, उपचार तसाच चालू राहील. आणि नंतर मन बदललं तर फोन करा, आम्ही तुमचं नाव काढून टाकू." मग थांबा. प्रश्न येऊ द्या. "माझ्या मुलीला होईल का?" हा प्रश्न येणारच, त्याचं खरं उत्तर तयार ठेवा: धोका इतरांपेक्षा जास्त असतो, पण बहुतेकांच्या मुलांना होत नाही. सुनेसमोर किंवा जावयासमोर या गोष्टी बोलू नका, लग्नाच्या बाजारात आजाराची बातमी मुलीला किती त्रास देते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

लॅबचं थोडक्यात: डीएनएसाठी जांभळ्या टोपणाची ईडीटीए ट्यूब, ट्यूबवर नाव नको, कोड हवा, कोड आणि नावाची यादी वेगळ्या कुलुपात. डीएनए किती निघाला ते मोजणाऱ्या नॅनोड्रॉप मशीनचा आकडा बघून खूश होऊ नका, क्युबिटवर पण मोजा. आरएनए किंवा जिवंत पेशी हव्या असतील तर नमुना काही तासांतच लॅबला पोचला पाहिजे, म्हणजे ओपीडी संपायची वाट बघत बसायचं नाही. आणि नमुना देताना पेशंट कुठल्या औषधावर होता ते त्याच दिवशी लिहा. स्टिरॉइड चालू असलेल्या माणसाच्या पेशी वेगळ्या वागतात, सहा महिन्यांनी ते कोणाला आठवत नाही.

पायरी ६: जागा सापडली, पुढे काय

जीवासमध्ये सापडलेल्या जागा बहुतेक प्रोटीन बनवणाऱ्या डीएनएमध्ये नसतात, बाकीच्या डीएनएमध्ये असतात. खरं कष्टाचं काम इथे सुरू होतं आणि पुढच्या १० वर्षांत नोकऱ्या पण इथेच जास्त असतील असं मला वाटतं. एक सुंदर उदाहरण आहे. क्रोमोसोम २१ वर एक जागा होती, आजूबाजूला जीन नाही, क्रॉन्स-कोलायटिस, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, टाकायासू (रक्तवाहिन्यांची सूज) अशा वेगवेगळ्या आजारांत ती परत परत यायची आणि कोणाला कळायचं नाही का. २०२४ मध्ये लंडनच्या क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या जेम्स ली यांच्या गटाने दाखवलं की तो तुकडा मॅक्रोफेज या इम्यून पेशींमध्ये ईटीएस२ नावाच्या दूरच्या जीनला वाढवतो, आणि ईटीएस२ वाढला की त्या पेशी सूज आणणारी बरीचशी कामं एकदम सुरू करतात. ली स्वतः गॅस्ट्रोचे डॉक्टर आहेत. यासाठी लागलं काय, तर माणसांच्या पेशी, क्रिस्पर (डीएनए कापून बदलायचं तंत्र), आणि कुठल्या पेशीत बघायचं याचा अंदाज. त्यामुळे सेल कल्चर, फ्लो सायटोमेट्री, सिंगल सेल आरएनए यातलं एक तरी तंत्र हातात असू द्या.

औषधापर्यंत जायचं म्हटलं तर दोन्ही बाजू बघा. आयएल२३ (सूज वाढवणारा एक सिग्नल) चा रस्ता अडवणारी औषधं आज क्रॉन्स आणि सोरायसिस दोन्हीत वापरतात, टीवायके२ या जीनमधला एक बदल लोकांना अशा आजारांपासून वाचवतो आणि त्याच प्रोटीनवरचं औषध २०२२ मध्ये सोरायसिससाठी मंजूर झालं. ज्या औषधामागे जेनेटिक पुरावा असतो ते यशस्वी व्हायची शक्यता २.६ पट असते असं २०२४ च्या एका मोठ्या विश्लेषणात आलं. पण आयएल१७ (तसाच दुसरा सिग्नल) अडवणारं सेक्युकिन्युमॅब सोरायसिसमध्ये छान चालतं, स्पॉन्डिलायटिसमध्ये चालतं, आणि क्रॉन्सच्या ट्रायलमध्ये मात्र पेशंट प्लासिबोपेक्षा वाईट झाले, कारण आतड्याच्या अस्तराला तेच आयएल१७ सांभाळत असतं असं आता मानतात. म्हणून जीन सापडला की लगेच औषध सापडलं असं कोणी पत्रकाराने विचारलं तरी म्हणायचं नाही.

पायरी ७: गाइड, पैसे, आणि पहिला ईमेल

पीएचडीला ५-६ वर्षं धरा. पोस्टडॉकला बाहेर जावं का, तर जमलं तर जा, पण जाताना इथल्या डॉक्टरांशी संबंध तोडून जाऊ नका, कारण परत आल्यावर पेशंट त्यांच्याकडेच असणार आहेत. परत यायला डीबीटी-वेलकमची इंडिया अलायन्स फेलोशिप आहे, डॉक्टरांसाठी वेगळी आणि शास्त्रज्ञांसाठी वेगळी. नोकऱ्या फक्त युनिव्हर्सिटीत नाहीत, डायग्नोस्टिक कंपन्यांत व्हेरिएंट (डीएनएमधले बदल) वाचणारे, हॉस्पिटलमध्ये जेनेटिक काउन्सेलर, औषध कंपन्यांत डेटा ॲनालिस्ट, सगळीकडे हेच शिक्षण चालतं.

गाइड निवडताना त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी फोनवर बोला, लॅबमध्ये आत्ता असलेल्यांशी नको, ते मोकळं बोलू शकत नाहीत. किती वर्षं लागली, पेपरवर नाव कुठे आलं, आजारी पडलं तर सुट्टी मिळते का, एवढं विचारलं तरी पुरे.

ईमेल छोटा लिहा. "आदरणीय सर, आपल्या उज्ज्वल कार्याने प्रेरित होऊन" असलं काही नको. पहिल्या दोन ओळीत तुम्ही कोण आणि काय शिकताय, मग त्यांचा एक पेपर नाव घेऊन आणि त्यातला तुम्हाला न कळलेला एक खरा प्रश्न, उदाहरणार्थ तुमच्या कंट्रोलमध्ये टीबी होऊन गेलेले लोक होते का? मग तुम्ही आधी काय केलंय ते, प्लिंकवर केलेला सराव असेल किंवा ओपीडीत बसून भरलेले फॉर्म असतील, आणि शेवटी कधीपासून किती महिने येऊ शकता. सीव्ही एका पानाचा. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण करा, तरी नाही आलं तर पुढच्या लॅबला लिहा, आणि उन्हाळ्याची इंटर्नशिप हवी असेल तर हे सगळं दिवाळीच्या सुट्टीतच करून ठेवा कारण जागा जानेवारीपर्यंत भरतात.